सावलीसाठी कार्ड

"बाबा, आपल्या कॉम्प्युटरला एक ग्राफिक्स कार्ड घालूया का?"

गार्गीने हे विचारलं तेव्हा तिचे सासरे, श्यामसुंदर टिपणीस, चहात खारी बुडवत होते. खारी कपातच राहिली, मऊ पडली आणि तुटून तळाला गेली. त्यांचं लक्षच नव्हतं.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"फोटो एडिटिंगला. घरचा कॉम्प्युटर फार रडतो हो."

आता बघा, गार्गी अंधेरीच्या एका जाहिरातवाल्या स्टुडिओत नोकरीला. दागिने, साड्या, भांडीकुंडी यांचे फोटो यायचे, त्यातला उजेड नीट करायचा, सावल्या जागच्या जागी बसवायच्या, हे तिचं काम. त्यासाठी ऑफिसने तिला चांगला दांडगा लॅपटॉप दिलेला. मग घरातल्या त्या डबड्याला कार्ड कशाला? बोरीवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपासमोर, श्यामसुंदरांच्या मनात पाल चुकचुकली.

अर्थात, त्यांच्या मनातल्या पालीला चुकचुकायला फारसं काही लागायचं नाही. सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेलेली. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारा हा माणूस. गॅसचा सिलिंडर आला की आधी वजन, मग सही. रिक्षावाल्याने लांबून नेलं तर उतरल्यावर त्याला नकाशा समजावणार. 'पारिजात' सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना ऑडिटकाका म्हणत आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

आणि सध्या तर ऑडिटकाकांच्या शब्दाला सोन्याचा भाव होता. पारिजात रिडेव्हलपमेंटला चालली होती. जुन्या इमारती पाडायच्या, एका कोपऱ्यात मेंबरांसाठी चौदा मजली नवी इमारत आणि रस्त्याच्या बाजूला बिल्डरचा विकायचा टॉवर. बिल्डरचे कागद आले की बाकीचे लोक शेवटचं पान उलटून किती जागा मिळते तेवढं बघायचे. श्यामसुंदरांनी मात्र पानन्‌पान वाचलं होतं. कार्पेट एरिया स्वतः मोजला, पार्किंगच्या गाळ्यांची बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली, करारातला एक 'किंवा' काढून तिथे 'आणि' घालायला लावला. बिल्डरने सगळ्यांना नव्या इमारतीची चकाचक फिल्म दाखवली, तेव्हा टाळ्या वाजवायचं सोडून हे उठले आणि म्हणाले, "फिल्म कोणीही बनवेल. मला मूळ फाइल द्या." बिल्डरच्या माणसाने हसत हसत आख्खं थ्री-डी मॉडेल पेन ड्राइव्हवर घालून दिलं. त्याला वाटलं असणार, म्हातारा काय उघडणार ते!

तसं ते उघडलं होतं त्यांनी. इमारत दिसली, पण हलायला तयार नाही. माउस फिरवला की चित्र जागच्या जागी गोठायचं आणि वर एक पट्टी यायची, सावल्या दाखवायच्या असतील तर ग्राफिक्स कार्ड पाहिजे म्हणून. 'कार्ड खपवायच्या युक्त्या,' असं पुटपुटून त्यांनी ते बंद केलं. आकडे बरोबर होते ना, मग चित्राची काय पूजा करायची?

येत्या रविवारी जनरल बॉडी. त्यात श्यामसुंदर उभे राहून 'मी सगळं तपासलंय, करा सह्या' म्हणणार आणि लोक सह्या करणार, इतकी साधी गोष्ट. तळमजल्यावरच्या जानकीवहिनींनी तर कागद हातातसुद्धा घेतले नव्हते. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते गेले. मुलगा लांब. गुडघे धरलेले. सकाळी खिडकीत ऊन आलं की ग्रिलपाशी खुर्ची ओढून पाय शेकत बसायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "तुमी बघलास ना भावजी? मगे झाला. माका काय कळता त्यातला?"

अशा वेळी घरातली सून अचानक कार्ड मागते. श्यामसुंदर चमच्याने खारीचा लगदा काढत विचार करत राहिले. या कामासाठी आणखी एक बिल्डर टपला होता. त्याचं टेंडर पडलं, तेव्हापासून त्याची माणसं मेंबर फोडत फिरतात अशी बातमी होती. मॉडेलची फाइल त्याच्या हाती लागली तर? आणि ती फाइल होती कुठे? याच घरात, कपाटातल्या औषधांच्या डब्यात.

चहा झाल्यावर त्यांनी हळूच डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, बाम होता. पेन ड्राइव्ह नव्हता.

झालं! संशयाला पाय फुटले.

त्यांनी बायकोला विचारलं, "मृणाल, औषधाच्या डब्याला कोणी हात लावला होता?"

मृणालिनीबाई मेथी निवडत होत्या. "घरात चार माणसं, त्यातला आपला केयूर जहाजावर. उरलो आपण तिघं. कोण लावणार?" असं म्हणून त्यांनी पुन्हा मेथीत मान घातली. एरवी या बाईने उलट दहा प्रश्न विचारले असते. आज एकही नाही. श्यामसुंदरांनी तेही मनात टिपून ठेवलं.

कार्ड आणायला ते स्वतः बरोबर गेले. म्हणजे गार्गी 'तुम्ही कशाला दगदग करता' म्हणत होती, तेवढ्यावरूनच त्यांनी चपला घातल्या. स्टेशनजवळच्या एका आर्केडच्या पहिल्या मजल्यावर हर्षदचं दुकान. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, बाकी सगळीकडे खोकी.

श्यामसुंदरांनी खिशातून चिठ्ठी काढली. निघण्यापूर्वी त्यांनी टेप लावून कॉम्प्युटरची लांबी, रुंदी, उंची घेतली होती. हर्षदने ती वाचली आणि डोकं खाजवलं.

"काका, हे तर बाहेरचं माप आहे. कार्ड आत बसवायचंय ना?"

"आतलं मी घेतलंय," गार्गी पटकन म्हणाली आणि मोबाइलवर फोटो दाखवला. कॅबिनेटचं झाकण काढलेलं, आत पट्टी धरलेली. "स्लिम कॅबिनेट आहे, अर्ध्या उंचीचं कार्ड लागेल. आणि पॉवर सप्लाय छोटा आहे, कंपनीचाच, बदलता येत नाही. वेगळी वायर लागणारं कार्ड नको. स्लॉटमधूनच करंट घेणारं दे."

श्यामसुंदरांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे बाईसाहेबांनी आधीच झाकण उघडलंय! कधी? आपण कुठे होतो? 'घालूया का' असं विचारायच्या आधीच सगळी तयारी झालेली होती तर.

हर्षदने एक खोकं पुढे केलं. श्यामसुंदरांनी ते उलटंपालटं केलं, सील नखाने खरवडून बघितलं, नाकाशी नेलं.

"वास कसला घेताय काका?"

"जुनं कार्ड धुऊन-पुसून नव्या खोक्यात घालतात. वाचलंय मी. तापलेल्या मालाचा वास लपत नाही."

"वास येईल तर परत आणा, मी इथेच बसलोय," हर्षद हसून म्हणाला आणि गार्गीकडे वळला. "गेम खेळणार का घरात कोणी? मग जरा वरचं घ्या."

"छे, गेम नाही रे. एक थ्री-डी मॉडेल बघायचंय फक्त. सावल्या नीट पडल्या म्हणजे झालं."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. श्यामसुंदरांनी ऐकलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. कितीतरी कारकून त्यांनी असेच पकडले होते, गप्प बसून. फोटो एडिटिंग म्हणे! शेंडी लावते मला, या श्यामसुंदर टिपणीसाला!

घरी आल्यावर गार्गीने जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि कॉम्प्युटर आडवा घातला. उभा ठेवला तर एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा होता तो. झाकण निघालं तशी आतून धुळीची एक गादीच बाहेर आली. तिने रंगाच्या ब्रशने ती झटकली, मागची कोरी पट्टी काढली, स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकले. कार्डाला लांब पट्टी लावून आली होती, ती सोडवून खोक्यातली आखूड पट्टी बसवली. मग कार्ड स्लॉटवर धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. 'कट्' असा आवाज झाला.

श्यामसुंदर समोर खुर्ची टाकून बसले होते, राखणीला बसावं तसे.

"मोडलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं," गार्गी म्हणाली.

झाकण लावताना तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि गॅलरीत गेली. गॅलरीचं दार नीट लागत नाही, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या बहुधा लक्षात राहिलं नाही.

"हो काकू, बसवलं आत्ताच... उद्या दुपारी या, बाबा झोपले की... नाही नाही, त्यांना काही बोलू नका. रविवारच्या आत बघून घेऊ."

श्यामसुंदरांच्या अंगाचा तिळपापड झाला. काकू म्हणजे कोण? जानकीवहिनीच की! तीन-चार दिवसांपूर्वी सकाळी फिरून येताना त्यांनी गार्गीला वहिनींच्या खिडकीपाशी मोबाइल धरून उभी असलेली पाहिली होती. तेव्हा वाटलं, मांजराचा फोटो काढत असेल. आता सगळं जुळलं. ही पोरगी त्या भोळ्या बाईला फोडतेय. ज्या बाईने आपल्या शब्दावर कागदसुद्धा बघितले नाहीत, तिला! आणि रविवारी आपण सह्या मागायला उभे राहिलो की घरातूनच सुरुंग लागणार. लोक काय म्हणतील? ऑडिटकाकांना स्वतःचं घर तपासता आलं नाही म्हणतील.

रात्री जेवताना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. उलट सुनेला वाढ म्हणाले, भाजीचं कौतुक केलं. मृणालिनीबाईंनी चमकून पाहिलं, कारण हा माणूस भाजीचं कौतुक करतो तेव्हा काहीतरी शिजत असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, गार्गीला सुट्टी. दुपारची जेवणं झाल्यावर श्यामसुंदर झोपले नाहीत. टोपी घातली, काठी घेतली.

"वझिऱ्याच्या गणपतीला जाऊन येतो. मग तिकडेच बागेत बसेन जरा. उशीर होईल."

"या उन्हात?" मृणालिनीबाई म्हणाल्या.

"देवाला ऊन लागत नाही," ते म्हणाले आणि जिना उतरले.

गणपतीने माफ करावं, पण ते फाटकापर्यंतसुद्धा गेले नाहीत. पंपाच्या खोलीमागे विटांच्या ढिगावर रुमाल टाकून बसून राहिले. डास चावत होते, तरी हालचाल नाही. थोड्या वेळाने जानकीवहिनी बाहेर आल्या आणि कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेल्या. एवढे गुडघे दुखतात, एरवी दुसऱ्या मजल्यावरच्या हळदीकुंकवाला येत नाहीत, आणि आज तिसरा मजला चढतायत! श्यामसुंदरांनी त्यांना पोचायला वेळ दिला. मग चपला हातात घेऊन स्वतःच्याच घरी चोरासारखे वर आले. किल्ली अलगद फिरवली.

हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर गार्गी, शेजारी खुर्चीत जानकीवहिनी आणि मागे, कमरेला पदर खोचून, खुद्द मृणालिनीबाई. स्क्रीनवर मॉडेल. कॉम्प्युटरला औषधांच्या डब्यातला पेन ड्राइव्ह लावलेला.

"वा!" श्यामसुंदर दारातूनच गरजले. "मंडळ भरलंय की! किती देतोय तो दुसरा बिल्डर? मला पण सांगा, मी पण येतो तुमच्यात!"

जानकीवहिनी दचकून उठायला गेल्या आणि गुडघा धरून परत बसल्या. गार्गी जागची हलली नाही.

"बाबा, ओरडून झालं की इथे येऊन बसा," ती म्हणाली. "बघा आणि मग काय बोलायचं ते बोला."

असं त्यांच्याशी या घरात कोणी बोलत नसे. त्या आश्चर्यानेच ते पुढे झाले.

मॉडेल आता मख्खन चाललं होतं. गार्गीने माउस फिरवला, तशी अख्खी नवी पारिजात गोल फिरली. चौदा मजली इमारत, मागे टॉवर, झाडं, गाड्या. बिल्डरच्या फिल्ममध्ये होतं तसंच. फक्त एक गोष्ट फिल्ममध्ये धड दिसली नव्हती. मेंबरांच्या इमारतीला अगदी खेटून, पूर्व आणि दक्षिण अडवून, एक बिनखिडक्यांचा उंच ठोकळा उभा होता.

"हे काय?"

"पार्किंगची इमारत. टॉवरवाल्यांच्या गाड्यांसाठी."

"मला माहितेय. एकेक गाळा मोजलाय मी त्यातला. बेरीज बरोबर आहे."

"बेरीज बरोबरच आहे बाबा. आता हे बघा. मी फिल्म बघितली ना, तेव्हाच मला खटकलं. त्यात माणसं होती, झाडं होती, पण सावली कशालाच नव्हती. आमच्याकडे असा फोटो आला तर आम्ही परत पाठवतो. सगळीकडून उजेड, असं जगात कुठे नसतं. ऑफिसच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत आणि या कॉम्प्युटरवर सावल्या चालू होत नव्हत्या. म्हणून कार्ड."

तिने एका खुणेवर क्लिक केलं. सावल्या पडल्या.

डिसेंबर महिना, सकाळ. पार्किंगच्या ठोकळ्याची सावली मेंबरांच्या इमारतीवर सरळ येऊन बसली, एखादी घोंगडी टाकावी तशी. गार्गी घड्याळाची खूण पुढे सरकवत गेली. नऊ, अकरा, दुपार. सावली थोडी खाली उतरायची, थोडी कलायची, पण खालचे मजले काळेच. तिने महिना बदलला. मार्च. तेच. मे महिन्याच्या भर दुपारी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या कट्ट्याला जरासं ऊन शिवलं आणि गेलं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा जानकीवहिनींना तिसरा मजला आला होता आणि त्यांनी सगळ्या सोसायटीला पेढे वाटले होते.

"हे चूकही असेल," श्यामसुंदर म्हणाले. आवाज आपोआप खाली आला होता. "कॉम्प्युटर दाखवेल ते खरं कशावरून? पडताळणी केलीस?"

"केली. शेजारची इमारत मॉडेलमध्ये पण आहे आणि खरी पण आहे. तिची सावली काकूंच्या खिडकीसमोर सकाळी कुठे पडते त्याचे फोटो काढले आणि मॉडेलमध्ये तीच तारीख, तीच वेळ लावली. तंतोतंत जुळलं."

म्हणजे मांजराचा फोटो नव्हता तो. श्यामसुंदर खुर्चीत बसले. काठी खाली पडली, ती उचलायचंही सुचलं नाही. करारातला 'किंवा' त्यांना दिसला होता आणि हे दिसलं नव्हतं. कागदावर तो एक चौकोन होता फक्त.

"मला सांगायचं ना आधी," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस? मी काय बिल्डरचा माणूस आहे?"

गार्गीने पुन्हा माउस हातात घेतला. तिने चित्र हळूहळू वर नेलं. चौथा, सातवा, दहावा, सगळं अंधारात. आणि मग शेवटचे दोन मजले. तिथे ऊन पडलं होतं, खिडक्या झगझगत होत्या.

वरचे दोन मजले कमिटीच्या पाच जणांना, श्यामसुंदर त्यातलेच एक. चिठ्ठ्यांत त्यांची नावं घातलीच नव्हती. 'एवढी वर्षं यांनी सोसायटीसाठी चपला झिजवल्या, एवढं तर आपण करू शकतो,' असं बिल्डरच्या माणसाने सुचवलं, चेअरमन अनिरुद्धने वाचून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामसुंदर आधी 'नको नको' म्हणाले होते. मग टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आख्ख्या नोकरीत ऑडिटवाल्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्या एका कागदावर तेवढी त्यांनी न तपासता सही केली होती.

"हे आपलं घर," गार्गी उजेडातल्या एका खिडकीवर बाण नेत म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सगळं तपासता बाबा. सिलिंडरसुद्धा वजन करून घेता. मग हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं, तेच मला कळेना. म्हणून नाही सांगितलं... तुम्हाला माहीत होतं का?"

श्यामसुंदरांना तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर त्यांनी लोकांना हाच प्रश्न, याच थंड आवाजात विचारला होता. समोरच्याचे ओठ कसे सुकतात, ते त्यांना पाठ होतं. आता त्यांचेच सुकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. अगं, काहीतरीच काय, हे असं करतील का, एवढं तरी ती म्हणेल. चाळीसेक वर्षांचा संसार आहे!

मृणालिनीबाई खाली बघत होत्या. "काल तुम्ही झोपल्यावर हे बघितलं, मला पण रात्रभर झोप नाही लागली," एवढंच त्या म्हणाल्या.

बोलल्या त्या जानकीवहिनी. "काय गो ह्या विचारतंस?" त्या गार्गीवर खेकसल्या. "भावजींका म्हायत आसता तर ते गप रवले नसते. मी वळखतंय त्यांका."

ते एक वाक्य श्यामसुंदरांना जास्त लागलं. संशय ते सहन करू शकले असते, तो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. ज्या बाईला आपण अंधारात ढकलायला निघालो होतो, तिचा विश्वास मात्र पेलवेना. त्यांना रडू आलं आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण माहीत करून घ्यायला पाहिजे होतं. आकडे मोजत बसलो मी, गाढव."

कोणी 'असू दे' म्हटलं नाही. मृणालिनीबाई उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिससमोरच्या शेडमध्ये जनरल बॉडी भरली. श्यामसुंदर तो कॉम्प्युटर स्वतः काखेत मारून खाली घेऊन आले. गार्गीने मागून वायरी आणल्या, ऑफिसातला टीव्ही जोडला. अनिरुद्ध पुढे आला.

"काका, हे काय मध्येच? तुम्ही फक्त दोन शब्द बोला, मग सह्या सुरू करू."

"दोनच बोलतो. सावल्या बघा," श्यामसुंदर म्हणाले.

गार्गीने महिने फिरवले, तास फिरवले. शेडमध्ये आधी कुजबुज होती, मग तीही गेली. ज्याला त्याला आपली खिडकी शोधायची होती. लोक खुर्च्या सोडून टीव्हीपाशी आले. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "वाट लागली!"

अनिरुद्ध हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अरे, त्या एवढ्याशा डबड्यात कसलं तरी कार्ड घातलंय, ते दाखवणार काहीही. त्यावर काय भरवसा ठेवता?"

"नको ठेवू," श्यामसुंदर म्हणाले. "बिल्डरला सांग, त्याच्या कॉम्प्युटरवर लाव. फक्त सावल्या चालू करून लाव. आम्ही सगळे येतो बघायला, तूही ये."

अनिरुद्ध मागे सरकून आपल्या खुर्चीत जाऊन बसला. कमिटीतले बाकीचे तिघं आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे श्यामसुंदरांना कळेना. पण पहिल्यांदाच त्यांनी कोणाला ते विचारलं नाही. आधी स्वतःचं निस्तरायचं होतं.

जानकीवहिनी खुर्च्यांना धरत धरत पुढे आल्या. पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीवर बोट ठेवलं. "ही माजी?"

"हो वहिनी."

"आणि तुमची?"

श्यामसुंदरांनी हात वर केला आणि उन्हातल्या खिडकीवर बोट ठेवलं. सगळ्यांना दिसेल असं, बराच वेळ. मग लोकांकडे वळले. "पार्किंगची इमारत इथून हलली नाही तर माझी सही नाही. आणि हलली तरी वरचं घर मला असं नको. चिठ्ठ्या परत टाका. माझं नाव सगळ्यांबरोबर घाला."

चिठ्ठ्यांसाठी वापरलेला लाडवांचा रिकामा खोका अजून ऑफिसात पडला होता. तो गार्गीने आणला. श्यामसुंदरांनी कागदाचा तुकडा फाडला, त्यावर नाव लिहिलं, घडी घातली आणि टाकायला हात पुढे केला. मग थांबले. चिठ्ठी सुनेच्या हातात दिली.

"उघडून बघ," ते म्हणाले. "माझंच नाव आहे ना?"

'असू दे हो बाबा, काय तुम्ही पण' असं गार्गी म्हणेल, असं मृणालिनीबाईंना वाटलं. ती म्हणाली नाही. तिने चिठ्ठी उघडली, नाव नीट वाचलं, मागची बाजूही बघितली, पुन्हा घडी घातली आणि मगच खोक्यात टाकली. श्यामसुंदरांना बरं वाटलं.